नव्याची नोंद, जुन्याची पत

व्यापारी घरात भाव रोज पाहिला जातो. पण रोजच्या भावावर रोज सौदा होत नाही. सकाळी वर्तमानपत्रातला, दुपारी पेठेतला आणि संध्याकाळी फोनवरून आलेला भाव कानावर पडतो. त्यातला बहुतेक ऐकून सोडून द्यावयाचा असतो. काय ऐकावे, किती ऐकावे आणि कोणत्या बातमीवर पैसा लावावा, हे शहाणपण गादीवर बसून वर्षानुवर्षे मुरत जाते. ते पुस्तकातून मिळत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र याच घरांत एक नवी पेठ उघडली आहे आणि तिथले भाव कसे ऐकावेत, हे सांगू शकेल असे वडीलधारे माणूस घरात नाही. ही पेठ म्हणजे पेढीच्या संकेतस्थळाची.

संकेतस्थळ एकदा करून घेतले की झाले, असा प्रथम सर्वांचाच समज असतो. पाटी रंगवून घ्यावी, ती दुकानावर लावावी आणि दहा वर्षे तिच्याकडे पाहू नये, तसा. पुढे लक्षात येते की ही पाटी दर महिन्याला थोडी थोडी बदलणाऱ्या भिंतीवर लावलेली आहे. मग ती भिंत कोण राखणार, हा प्रश्न येतो आणि घरातल्या ज्या एका माणसाला संगणकातले कळते, त्याच्याकडे सर्वांचे डोळे वळतात. कुठे तो धाकटा मुलगा असतो, कुठे पुतण्या, कुठे सून.

सांगलीच्या एका हळदीच्या पेढीत हे काम सुनेकडे आले. संगणकशास्त्राची पदवी घेऊन तिने पुण्यात तीन वर्षे नोकरी केली होती. २०१८ साली लग्न होऊन ती या घरात आली. पेढीचे संकेतस्थळ त्यापूर्वीच बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेले होते. त्यावर हळकुंड, हळदपूड आणि घरगुती मसाल्यांची यादी होती आणि मुंबई-पुण्याकडची घरे तिथून वर्षाची हळद मागवीत. ती आली त्याच पावसाळ्यात गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले, की तुमचे पान उघडले की वर ‘सुरक्षित नाही’ असे दिसते. अण्णा, म्हणजे तिचे सासरे, अस्वस्थ झाले. चाळीस वर्षांत पेढीला कोणी तसे म्हटले नव्हते. “आपल्या दुकानावर ही पाटी लावली कुणी?” असा त्यांचा साधा प्रश्न होता.

पाटी ग्राहकाच्या फोनमधल्या ब्राउझरने लावली होती. जुलै २०१८ पासून गूगलच्या क्रोम ब्राउझरने, ज्या संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध नाही, अशा प्रत्येक संकेतस्थळापुढे तसे लिहायला सुरुवात केली होती. ही गोष्ट काही अचानक झालेली नव्हती. तशी सूचना कितीतरी आधी जाहीर झाली होती. पण ती पेढीत वाचणार कोण? सुनेने आवश्यक ते प्रमाणपत्र मिळवून बसवले. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था ते विनामूल्य देते, फक्त ते नव्वद दिवसांचे असल्याने त्याच्या नूतनीकरणाची व्यवस्था लावून ठेवावी लागली. एका दुपारचे काम होते. परंतु त्या दुपारने दोन गोष्टी ठरल्या. पेढीची पत आता अंशतः अशा बातम्यांवर अवलंबून आहे, हे अण्णांना पटले. आणि त्या बातम्या वाचणे हे आपले काम आहे, हे सुनेने मनाशी धरले.

दुकानातील मांडणी दुकानदाराच्या हातात असते. कोणता डबा कुठे ठेवायचा, दिवा कुठे लावायचा, हे तो ठरवतो आणि गिऱ्हाईक ते पाहते. संकेतस्थळाचे तसे नाही. दुकानदार फक्त मांडणीची चिठ्ठी पाठवतो. प्रत्यक्ष मांडणी ग्राहकाच्या फोनमध्ये, ग्राहकाचा ब्राउझर करतो. चिठ्ठी एकच, पण ती वाचणारे हात निराळे. एखाद्याचा फोन यंदाचा, एखाद्याचा सात वर्षांपूर्वीचा; कोणाकडे क्रोम, कोणाकडे सफारी, कोणाकडे फायरफॉक्स. म्हणून या धंद्यात स्वतःच्या दुकानाइतकीच दुसऱ्याच्या हातातल्या यंत्राचीही खबर ठेवावी लागते. ब्राउझरच्या बातम्या वाचण्याचे मूळ कारण एवढेच आहे.

ती रोज पहाटे, घर जागे होण्यापूर्वी, तासभर वाचू लागली. प्रथम त्यात आनंद होता. पुण्यात मागे राहिलेले जग त्या तासात पुन्हा भेटत असे. पण हळूहळू त्या आनंदाची जागा एका धास्तीने घेतली. वाचावे तितके नवे नाव पुढे येई. एक साधन शिकावे तो त्याच्या जागी दुसरे आले म्हणून कळावे. ‘नंतर पाहू’ म्हणून राखून ठेवलेल्या पाठांची यादी वाढत गेली. अर्धे सोडलेले अभ्यासक्रम तर मोजण्यापलीकडे गेले. पुण्यातल्या मैत्रिणींशी बोलताना त्यांच्या तोंडची चार नावे आपल्याला ठाऊक नाहीत, हे लक्षात आले की दिवसभर काही तरी टोचत राही. तिचे भय पेढीपुरते नव्हते. उद्या पुन्हा नोकरी करावीशी वाटली, किंवा करावी लागली, तर हातातली विद्या शिळी झालेली असेल, हे ते भय होते. एका शिकलेल्या मुलीचे स्वतःच्या पायांवरचे उभे राहणे त्यात पणाला लागलेले होते आणि ते बोलून दाखवावे असे घरात कोणी नव्हते.

या धावपळीचा इतिहास पाहिला तर त्यात एक क्रम दिसतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली; १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ बाहेरच्या जगाला दिसू लागले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना मुक्त केले. त्यावर हक्क राखून ठेवला असता तर आजची ही पेठ कदाचित उभीच राहिली नसती. पुढच्याच वर्षी नेटस्केपचा ब्राउझर आला, १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला आणि दोघांत चढाओढ लागली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नेटस्केपमधील ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. घाईत घातलेला तो पाया आजही सर्व जगाच्या संकेतस्थळांखाली आहे.

चढाओढीत मायक्रोसॉफ्ट जिंकली आणि मग बाजार थंडावला. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली आली. सातवी येण्यास २००६ उजाडले. मधली पाच वर्षे प्रतिस्पर्धी नसलेल्या दुकानदारासारखी गेली. २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स आला, २००८ च्या सप्टेंबरात क्रोम आला आणि पेठ पुन्हा जागी झाली. २०२१ मध्ये तर क्रोमने नव्या आवृत्तीचा कालावधी सहा आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आणला. पूर्वी पाच वर्षांत एकदा येणारी बातमी आता महिन्याला येऊ लागली, हे त्या पहाटेच्या तासाला पुरे न पडण्याचे एक कारण.

पण साधने मरतात का, याचे उत्तर याहून बोधप्रद आहे. २००६ साली जॉन रेसिग यांनी जेक्वेरी हे साधन प्रसिद्ध केले. निरनिराळे ब्राउझर एकाच आज्ञेला निराळा अर्थ लावीत. जेक्वेरी मध्ये दुभाष्यासारखी उभी राहून सर्वांना एकच भाषा समजावून देई. कालांतराने ब्राउझरांनीच ती एक भाषा बऱ्याच अंशी आत्मसात केली आणि दुभाष्याची निकड उरली नाही. पानावर मजकूर रकान्यांत मांडण्याचेही तसेच झाले. आधी त्यासाठी तक्त्यांचा आडमार्गाने उपयोग होई. मग इतर अनेक युक्त्या आल्या, त्या युक्त्या सोप्या करून देणारी साधने आली. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांनी काही आठवड्यांच्या अंतराने सीएसएसची ‘ग्रिड’ ही रचनापद्धती स्वीकारली आणि त्या युक्त्यांपैकी बहुतेकांचे प्रयोजन संपले. अशा साधनांना अपयशी म्हणता येत नाही. नदीवर पूल झाला की नाव काठाला लागते. नावाड्याने इतकी वर्षे माणसे पार केली हे त्यामुळे खोटे होत नाही.

काही साधने मात्र मालकाच्या निर्णयाने बंद होतात. ॲडोबीचे फ्लॅश एके काळी जिथे-तिथे होते. जुलै २०१७ मध्ये कंपनीने ते बंद करण्याचे जाहीर केले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ते बंद झाले. मध्ये साडेतीन वर्षे होती. ज्यांनी ती बातमी वाचली त्यांनी आपली पाने सावकाश बदलून घेतली. ज्यांनी वाचली नाही त्यांची चित्रे एका सकाळी नाहीशी झाली. गूगलच्या अँग्युलरचीही गोष्ट व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या अँग्युलरवर असंख्य संकेतस्थळे बांधली गेली. २०१६ मध्ये आलेले दुसरे अँग्युलर नावाने तेच, पण रचनेने इतके निराळे होते की जुने काम जवळजवळ नव्याने करणे भाग पडले. जुन्याचा आधार २०२१ च्या अखेरीस काढून घेण्यात आला. म्हणजे नवे साधन घेताना त्याच्या गुणांबरोबर त्याच्या मालकाची रीतही पाहावी लागते.

तिसरा धोका जामीनकीचा. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने नावाच्या वादातून रागावून आपली सारी छोटी साधने ‘एनपीएम’ या सार्वजनिक भांडारातून काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे एक साधन होते. अक्षरांच्या डावीकडे ठरावीक जागा भरून देणे, एवढेच त्याचे काम. पण त्यावर दुसरे साधन उभे होते, त्यावर तिसरे, आणि शेवटी जगभरच्या हजारो प्रकल्पांची बांधणी एकाएकी अडली. काही तासांतच भांडाराने ते साधन परत ठेवले म्हणून निभावले. आपण कोणाकोणाच्या भरवशावर उभे आहोत, याची यादी ज्याच्याजवळ नसते, त्याची ही गत होते. जुन्या पेढ्यांत दुसऱ्याच्या हुंडीवर सही करण्यापूर्वी तीन वेळा विचार का करीत, हे नव्या धंद्याला नव्याने शिकावे लागले.

हे सर्व वाचून त्या सुनेला माहिती पुष्कळ झाली. पण धास्ती कमी झाली नाही. ती कमी होण्याचा मार्ग एका अनपेक्षित जागी सापडला. पेढीत जुने दिवाणजी होते. हिशेब आता संगणकावर होत असले तरी ते आपल्यापुरती एक वही राखून असत. २०१९ च्या दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी तिने सहज विचारले, की रोज एवढे व्यवहार होतात, त्यातले महत्त्वाचे कोणते हे तुम्हांला त्याच दिवशी कसे कळते? दिवाणजी म्हणाले, “त्या दिवशी कळत नाही, वहिनीसाहेब. कळायची गरजही नसते. म्हणून तर कीर्द निराळी आणि खतावणी निराळी. आलेलं सगळं कीर्दीत एका ओळीत लिहायचं. नंतर शांतपणे बसून ज्याचं खातं आहे त्याच्या खात्यावर चढवायचं.”

दिवाणजींना ती काय विचारीत आहे हे ठाऊक नव्हते, आणि तिलाही उत्तर मिळाल्याचे थोडे उशिराच कळले. वहीपूजनासाठी आणलेल्यांपैकी एक कोरी वही तिने मागून घेतली. त्या दिवसापासून पहाटे वाचलेली प्रत्येक बातमी ती तारीख घालून एका ओळीत लिहू लागली. ते लगेच शिकणे नाही, करून पाहणे नाही, ‘नंतर पाहू’ म्हणून राखून ठेवणेही नाही, केवळ नोंद. महिनाअखेरीस ती वही उघडून बसे आणि तीन खात्यांवर खतावणी करी. पहिले खाते गिऱ्हाइकाचे: या बातमीने मागवणाऱ्याला काही फरक पडतो का? दुसरे सुरक्षेचे: पैसे, पत्ता किंवा फोन क्रमांक यांना काही धोका आहे का? तिसरे सोयीचे: हाताचे काही काम खरोखर कमी होते का? जी नोंद यांपैकी कशातच बसत नसे, ती कीर्दीतच राही. पहिल्या महिन्यात शेहेचाळीस नोंदी झाल्या होत्या. त्यांपैकी खात्यावर चढल्या पाच.

कीर्दीत राहिलेली नोंद वाया जात नाही, हे त्या पद्धतीचे वैशिष्ट्य. ती तिथे थांबलेली असते आणि वेळ आली की सापडते. ज्या एक्केचाळीस नोंदी उरल्या, त्यांच्या नावाने मन आता कुरकुरत नव्हते, कारण त्या टाकून दिलेल्या नव्हत्या. पहाटेचा तास अर्ध्या तासावर आला.

पाठांच्या बाबतीतही तिने एक शिस्त लावून घेतली. शिकवणारा पाठ नेहमी कोऱ्या जागेवर घर बांधून दाखवतो. प्रत्यक्षात काम करायचे असते ते माणसे राहत असलेल्या वाड्यात. म्हणून पाहिलेला पाठ त्याच आठवड्यात पेढीच्या संकेतस्थळाच्या प्रतीवर करून पाहता आला नाही, तर तो झाला असे ती धरीत नसे. पाठाची तारीख ती आधी पाही, कारण तीन वर्षांपूर्वीचा उत्तम पाठही आज चुकीच्या वाटेवर नेऊ शकतो. आणि शंका आली की सांगोवांगीपेक्षा मूळ दस्तऐवजाकडे जाई. मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेले ‘एमडीएन’ हे संदर्भस्थान त्यासाठी फार उपयोगी आहे. २०१७ पासून गूगल, मायक्रोसॉफ्ट, सॅमसंग असे एरवीचे प्रतिस्पर्धीही त्याच्या सल्लागार मंडळात आले. भाव फुटला की नाही हे चहाच्या टपरीवर विचारण्यापेक्षा बाजार समितीच्या फळ्यावर पाहावे, तसे ते.

नवे केव्हा वापरावे, यासाठीही आता एक माप उपलब्ध आहे. २०२३ पासून ‘बेसलाइन’ या नावाने एक वर्गवारी सुरू झाली. एखादी सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत आली की ती ‘नव्याने उपलब्ध’ ठरते. त्यानंतर तीस महिने गेले की ती ‘सर्वत्र उपलब्ध’ मानली जाते, कारण तोपर्यंत लोकांचे जुने फोन आणि जुन्या आवृत्त्या बऱ्याच अंशी मागे पडलेल्या असतात. हळदीच्या घरात हे समजावून सांगावे लागत नाही. काढलेली हळद ओलीच असते; ती शिजवावी लागते, उन्हात वाळवावी लागते, मग पॉलिश होते. ओल्या हळदीचे लोणचे करता येते, पण वर्षाची साठवण करता येत नाही. पेढीच्या संकेतस्थळावर वाळलेलीच हळद घालायची, असे तिने ठरवले. ओली स्वतःच्या ताटापुरती.

या साऱ्याची परीक्षा २०२३ च्या दिवाळीनंतर झाली. धाकट्या दिराचे म्हणणे पडले, “वहिनी, आपली साइट जुनाट दिसते. सगळी नव्यानं करून घेऊ.” पुण्याच्या एका कंपनीने रिॲक्टवर सर्व काही नव्याने बांधून देण्याचा सव्वातीन लाखांचा अंदाज दिला होता. रिॲक्ट हे फेसबुकने २०१३ मध्ये मुक्त केलेले साधन. ते चांगले आहे याबद्दल वाद नव्हता. सुनेलाही मोह झाला. तिच्या हाताखाली असे काम झाले असते तर पुढे कोठेही सांगता आले असते. जानेवारी-फेब्रुवारीत नवी हळद येते आणि चैत्र-वैशाखात घरोघरी वर्षाचे मसाले होतात. तेव्हा निर्णय त्याआधी व्हावयास हवा होता.

अण्णांनी फक्त एक विचारले, “गिऱ्हाइकाची तक्रार काय आहे?”

ती शोधण्यासाठी तिने एका दुपारी गोदामातल्या तोलाईदाराचा जुना फोन मागून घेतला आणि त्यावर आपलेच संकेतस्थळ उघडले. पान येईपर्यंत तोलाईदाराची दोन पोती तोलून झाली. दोष साधनाचा नव्हता. दोष चित्रांचा होता. कॅमेऱ्यातून निघालेली पाच-पाच एमबीची बारा छायाचित्रे पहिल्याच पानावर जशीच्या तशी लावलेली होती. तिने वही उघडली. फेब्रुवारी २०२० च्या कीर्दीत एक ओळ होती: दृष्टिआडचे चित्र ग्राहक तिथवर आल्यावरच मागवण्याची सोय, क्रोममध्ये आहे, सफारीत नाही. मार्च २०२२ मध्ये दुसरी ओळ: सफारीतही आली. दोन्ही ओळी खात्यावर न चढता थांबल्या होत्या. त्या आता चढल्या. चित्रे लहान केली, प्रत्येकापुढे ती सोय मागणारा एक शब्द लिहिला, पत्ता भरण्याचा अर्ज निम्मा केला. चार संध्याकाळी गेल्या. तोलाईदाराच्या फोनवर पान पाहता पाहता उघडू लागले. दिराने ते पाहिले आणि पुन्हा बांधण्याचा विषय त्या वर्षापुरता मागे घेतला. “दिसतं अजून जुनंच,” एवढे मात्र त्याने म्हटले, आणि ते खरेही होते.

एके संध्याकाळी अण्णांनी तिला विचारले, “अगं, हे तुझं शिकणं संपायचं कधी?” त्या प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांनी स्वतः तारेने आलेले भाव वाचले होते, आणि ती तारसेवा २०१३ साली बंद झालेली पाहिली होती. २००५ मध्ये व्हॅट आला, २०१७ मध्ये जीएसटी आला. दोन्ही वेळा त्यांनी साठीच्या आसपासच्या डोळ्यांनी नवे तक्ते शिकून घेतले होते. तक्ते बदलले, पण जमा कशाला म्हणायचे आणि नावे कशाला टाकायचे, हे बदलले नव्हते.

तिने त्यांना एक गोष्ट सांगितली. २०१८ साली जावास्क्रिप्टमध्ये एक नवी आज्ञा घालावयाची होती आणि तिचे नाव ‘फ्लॅटन’ असे योजले होते. चाचणीत आढळले की ‘मूटूल्स’ या जुन्या, आता फारसे कोणी न वापरीत असलेल्या साधनाने तेच नाव पूर्वीच स्वतःसाठी घेतले होते. नवी आज्ञा आणली असती तर त्या साधनावर वर्षांपूर्वी बांधलेली काही संकेतस्थळे मोडली असती. ती पाने कोणाची, त्यांचा कर्ता आज आहे की नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हते. कोणी थट्टेने ‘स्मूश’ असे नाव सुचवले, पुष्कळ चर्चा झाली आणि अखेर ‘फ्लॅट’ हे नाव ठरले. जगातील मोठमोठ्या कंपन्यांच्या तज्ज्ञांनी अनोळखी माणसांची जुनी पाने मोडू नयेत म्हणून आपले ठरलेले नाव बदलले. १९९१ चे पहिले संकेतस्थळ सर्नने २०१३ मध्ये त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा मांडले, ते आजच्या फोनवरही वाचता येते. एका चित्रपटासाठी १९९६ साली केलेले ‘स्पेस जॅम’चे संकेतस्थळही अजून उघडते.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे जुनी हुंडी अजून सकारतात.” तिने होय म्हटले. नव्याची एवढी ओरड असलेल्या या पेठेचा खरा पाया हा आहे: एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या तिघांत जे एकदा दिले, ते सहसा परत घेतले जात नाही. वरची साधने येतात-जातात. त्या तिघांवर घातलेले कष्ट मात्र टिकतात. ज्याला शिकण्यास वेळ थोडा आहे त्याने तो प्रथम कोठे घालावा, याचे उत्तर त्यात आले.

तरीही एक बाकी राहते, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पेढीला रिॲक्टची गरज नव्हती. पण नोकरीच्या बाजाराला ती आहे. तिच्या बरोबरीच्या ज्या मैत्रिणींनी ते साधन रोज हाताळले, त्यांच्या आणि तिच्या हाताच्या सफाईत अंतर पडले आहे. शहाणा निर्णय घेतला म्हणून ते अंतर भरून येत नाही. पेढीचे सव्वातीन लाख वाचले, ते पेढीच्या खात्यावर दिसतात. तिचे जे गेले ते कोणत्याच खात्यावर दिसत नव्हते.

ते दिसले दिवाणजींना. मार्चअखेरीस एकदा तिने हौसेने आपली वही त्यांच्यापुढे ठेवली. संगणकाचे त्यांना काही कळत नव्हते, पण वही कळत होती. तीन खाती त्यांनी चाळून पाहिली, पाने मोजली आणि विचारले, “वहिनीसाहेब, यात मालकाचं भांडवल खातं कुठं आहे?”

तेव्हापासून वहीत चौथे खाते आहे. त्यावर तिने स्वतःचे नाव घातले आहे. शनिवारी दुपारी पेढी लवकर बंद होते. ते तीन तास त्या खात्याचे. त्या वेळी पेढीला ज्याचा काही उपयोग नाही, गिऱ्हाइकाला ज्याने काही फरक पडत नाही, अशी ओली हळद ती मनसोक्त शिजवते, कधी बिघडवते, पुन्हा करते. मुलीला त्या वेळी आजोबा सांभाळतात. त्या खात्याची बाकी अजून लहान आहे. पण चालू वर्षाच्या प्रत्येक महिन्यात त्यावर जमेची एक तरी ओळ आहे.